रात्री तीनची ऑर्डर कोणाची?

गेल्या महिन्यात एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. बी.एस्सी. नर्सिंग करून तिला पाच वर्षं झाली, त्यातली चार आयसीयूत गेली. "मॅडम, एनपीसीसीचा फॉर्म भरू का, की सरळ एम.एस्सी. करून टाकू?" मागून तिच्या आईचा आवाज येत होता, "विचार की, हे केल्यावर डॉक्टर म्हणतात का?"

एनपीसीसी म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर. भारतीय परिचर्या परिषदेने २०१६ च्या सुमारास आणलेला हा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम. वीस टक्के शिकणं वर्गात आणि ऐंशी टक्के रुग्णाच्या उशापाशी. व्हेंटिलेटर, एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी), शॉकमधली औषधं, त्यांचे डोस आणि दुष्परिणाम, अंगावरची तपासणी, सगळं सखोल. कागदावर पाहिलं तर तरुणपणी मला जे शिकायचं होतं ते नेमकं हेच. तरीही मी तिला "भर फॉर्म" म्हणाले नाही. "दोन दिवस दे, विचार करून सांगते," म्हणाले. पंचवीस वर्षं वॉर्डात आणि नंतर वर्गात काढलेल्या बाईला यावर विचार करावा लागतो, यातच काहीतरी चुकलेलं आहे.

आयसीयूत नाईट केलेल्या प्रत्येकीला एक खास भाषा येते. "सर, प्रेशर पडतंय, नॉरॲड थोडं वाढवून बघायचं का?" (नॉरॲड म्हणजे रक्तदाब वाढवणारं औषध.) "सर, युरीन कमी वाटतंय, क्रिएटिनीन पाठवू का?" हे प्रश्न नसतात, या ऑर्डरी असतात. फक्त शेवटी प्रश्नचिन्ह लावायचं, म्हणजे समोरच्याचा मान राहतो आणि पेशंटचा जीवही. पलीकडून "हां, करा" येतं. सकाळी राऊंडला फाईलवर सही होते. ही भाषा कोणत्याही कॉलेजात शिकवत नाहीत, पण ती न येणारी सिस्टर आयसीयूत टिकत नाही.

पलीकडे कोण असतं, तेही बोलू. महाराष्ट्रातल्या कितीतरी खासगी रुग्णालयांत रात्रीचा आरएमओ, म्हणजे ड्यूटीवरचा निवासी डॉक्टर, बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीएचएमएस (होमिओपॅथी) असतो. हे गुपित कुणापासूनच लपलेलं नाही, फक्त पेशंटच्या नातेवाइकांना कुणी आपणहून सांगत नाही. माझा त्या मुलामुलींवर राग नाही. त्यांचाही पगार बेताचाच असतो आणि त्यातली बरीचशी मनापासून शिकतात. शिकतात कुणाकडून? इन्फ्युजनचा हिशेब कसा करायचा, मोठ्या सरांना कशासाठी झोपेतून उठवायचं आणि कशासाठी नाही, हे त्यांना सिस्टरच सांगते. सही मात्र त्यांची.

माझ्याच दोन रात्री सांगते. एका रात्री पेशंटचं पोटॅशियम खूप खाली आलं होतं. मॉनिटरवर ठोके चुकत होते, आरएमओ नवा होता आणि कन्सल्टंटचा फोन लागत नव्हता. युनिटमध्ये नेहमी जसं देतात तसं मी सुरू केलं. सकाळी सर म्हणाले, "छान केलंत." काही महिन्यांनी तीच परिस्थिती आली, मी तेच केलं. तो पेशंट दोन दिवसांनी दगावला. कारण वेगळं होतं, पोटॅशियमचा त्याच्याशी संबंध नव्हता. पण नातेवाइकांनी तक्रार केली आणि चार्टची ओळ न् ओळ तपासली गेली. "इथली ऑर्डर कुठंय, सिस्टर?" लेखी खुलासा मागवला. पहिल्या वेळी मी हुशार होते, दुसऱ्या वेळी मर्यादा ओलांडणारी. हात तेच, डोस तोच.

नर्स प्रॅक्टिशनर या कल्पनेचा माझ्यासाठी अर्थ इतकाच आहे: जे रात्री अंधारात, तोंडी आणि दुसऱ्याच्या नावावर होतं, ते उजेडात, लेखी आणि स्वतःच्या नावावर व्हावं. 'अर्धी डॉक्टर' होण्याशी त्याचा संबंध नाही.

ही कल्पना जिथे जन्मली तिथेही हेतू तोच होता. १९६५ साली अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही सार्वजनिक आरोग्यातली परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी पहिला अभ्यासक्रम सुरू केला. आडगावांतल्या मुलांकडे डॉक्टर पोचत नव्हते, परिचारिका पोचत होत्या. मग ती जे बघते त्यावर तिलाच निर्णय का घेऊ देऊ नये, असा साधा सवाल होता. फोर्ड २०२५ च्या जानेवारीत, १०४ व्या वर्षी गेल्या. आज तिथे साडेतीन लाखांहून अधिक नर्स प्रॅक्टिशनर आहेत आणि निम्म्याहून जास्त राज्यांत त्या डॉक्टरच्या देखरेखीशिवाय तपासू शकतात, औषध लिहू शकतात. पण हे आपोआप झालेलं नाही. राज्याराज्याच्या विधिमंडळांत, डॉक्टरांच्या संघटनांशी भांडत, एकेक कायदा बदलून घ्यावा लागला. ब्रिटनने २००६ मध्ये पात्र परिचारिकांना जवळपास सगळी औषधं स्वतंत्रपणे लिहिण्याची मुभा दिली, तीही कायद्यानेच. आणि गुणवत्तेचं म्हणाल तर २००० साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात १,३१६ रुग्णांची चाचणी छापून आली होती. काही रुग्ण डॉक्टरांकडे, काही नर्स प्रॅक्टिशनरकडे, वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी. प्राथमिक उपचारांत सहा महिन्यांनंतर रुग्णांच्या तब्येतीत फरक आढळला नाही.

आपण मात्र उलट्या टोकाने सुरुवात केली. आधी पदवी काढली. पद काढायचं राहिलं, आणि अधिकार द्यायचा तर विषयच निघाला नाही.

एनपीसीसीच्या अभ्यासक्रमातच लिहिलं आहे की ही परिचारिका संस्थेच्या प्रोटोकॉल (ठरलेली उपचारपद्धती) आणि स्टँडिंग ऑर्डरनुसार (आधीच लिहून ठेवलेले आदेश) काम करेल. ठीक आहे, सुरुवात म्हणून मला ते मान्य आहे. पण ज्या रुग्णालयात लेखी प्रोटोकॉलच नाहीत, किंवा आहेत ते केवळ मानांकनाच्या तपासणीपुरते फाईलला लावलेले आहेत, तिथे ती कशाच्या आधारावर काम करणार? शेड्यूल एचमधली औषधं नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि त्या व्याख्येत ती बसत नाही. म्हणजे दोन वर्षं घासून, परीक्षा देऊन ती ज्या बेडजवळ परत येते, तिथे कायद्याच्या नजरेत ती कालचीच सिस्टर असते. पुन्हा "सर, वाढवून बघायचं का?"

सरकारी नोकरीतली साखळी बघा. अधिपरिचारिका, मग परिसेविका, मग सहायक अधिसेविका, मग अधिसेविका. यात नर्स प्रॅक्टिशनर नावाची कडी नाही. आता या साखळीत माणूस वर कसा जातो ते नीट पाहा. अधिपरिचारिका रुग्णाला हात लावते. परिसेविका झाली की ड्यूटीचा तक्ता, इंडेंट, तुटलेल्या खाटा आणि लिनन. अधिसेविका झाली की रजेचे अर्ज आणि मीटिंगा. जी हुशार ती एम.एस्सी. करते आणि कॉलेजात जाऊन आमच्यासारखी फळ्यासमोर उभी राहते. म्हणजे आपल्याकडे परिचारिकेला बढती द्यायची म्हणजे तिला पेशंटपासून दूर न्यायचं. डॉक्टरांचं असं होत नाही. सर्जन मोठा होतो तसा जास्त अवघड ऑपरेशनं करतो. आमच्यात जी शिरेला हात लावताच लाइन मिळवते, तिला पंधरा वर्षांनी चादरी मोजायला बसवतात. रुग्णाच्या उशाशी राहूनही वर चढता येईल अशी परिचर्येत ही एकच शिडी आहे, म्हणून मला ती हवी आहे. तिचं वरचं टोक कशालाच टेकलेलं नाही, म्हणून माझ्या विद्यार्थिनीला मी तिच्यावर चढ म्हणायला कचरते.

"कायदा बदलणं इतकं सोपं असतं का?" असं कुणी म्हणेल. सोपं नसतं, पण मनात असलं की होतं, हे याच राज्याने दाखवलं आहे. २०१४ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली आणि होमिओपॅथीच्या पदवीधरांना आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा सीसीएमपी अभ्यासक्रम करून ॲलोपॅथीची औषधं लिहिण्याची वाट मोकळी केली. त्यांच्या नोंदणीवरून २०२५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनने राज्यात संप केला, प्रकरण न्यायालयात आहे, वाहिन्यांवर आठवडाभर चर्चा झाल्या. मी त्यातल्या बऱ्याच ऐकल्या. एक बाजू म्हणत होती खेड्यात डॉक्टर नाहीत, दुसरी म्हणत होती ही मिक्सोपॅथी, म्हणजे दोन उपचारपद्धतींची भेसळ, आहे. ॲलोपॅथीचीच औषधं रोज आपल्या हाताने देणारी, त्यांचे परिणाम रोज डोळ्यांनी बघणारी एक पूर्ण जमात याच राज्यात आहे, हे त्या चर्चांत कुणाच्या तोंडून मला तरी ऐकू आलं नाही. होमिओपॅथीच्या डॉक्टरांना द्यावं की न द्यावं, हा वाद मी इथे सोडवत नाही. पण वेगळ्या शास्त्रात साडेपाच वर्षं घालवलेल्याला एका वर्षाच्या वर्गावर जे देता येतं, ते याच शास्त्रात चार वर्षं पदवी, वर अनुभव आणि त्यावर दोन वर्षं आयसीयूत निवासी काढलेलीला मोजक्या औषधांपुरतंही का देता येत नाही? मला याचं एकच उत्तर सापडतं. तिला सगळे सिस्टर म्हणतात.

डॉक्टरांच्या आक्षेपात मात्र तथ्य आहे, आणि ते मी उडवून लावणार नाही. निदान करणं म्हणजे डोस माहीत असणं नव्हे. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या दहा जणांतला वेगळा एक ओळखायला जे शरीरशास्त्र आणि विकृतिशास्त्र पक्कं लागतं, ते आमच्या अभ्यासक्रमात त्या खोलीचं नसतं. अमेरिकेतही आता टीका होते आहे की काही शाळा वॉर्डात कधी काम न केलेल्या मुलामुलींनाही नर्स प्रॅक्टिशनर करून बाहेर सोडतात. दुसरा आक्षेप त्याहून जड आहे: गरिबांसाठी दुय्यम डॉक्टर तयार करू नका. आपल्याकडे पूर्वी एलसीपीएस डॉक्टर असत, जुन्या माणसांना आठवत असतील. देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा आखणाऱ्या १९४६ च्या भोर समितीने अशा कमी मुदतीच्या पदविका बंद करून सगळीकडे एकच एमबीबीएस असावा असं सुचवलं. तत्त्व उत्तम होतं. फक्त एमबीबीएस झालेला माणूस धडगावला आणि भामरागडला पुरेसा पोचलाच नाही, आणि ती जागा रिकामी न राहता ज्यांच्याकडे कसलंच शिक्षण नाही अशांनी भरली.

आणखी एक भीती डॉक्टरांना नाही, मला वाटते. नर्स प्रॅक्टिशनर मिळाली की रुग्णालयाचा मालक रात्रीचा इंटेन्सिव्हिस्ट (आयसीयूतला तज्ज्ञ डॉक्टर) कमी करेल, जबाबदारी हिच्यावर टाकेल आणि पगारात चार-पाच हजार वाढवून मोकळा होईल. ही भीती काल्पनिक नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांसाठी पगाराची पातळी सुचवली: दोनशेहून जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका, आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना किमान २०,००० रुपये. हे वाचणाऱ्या सिस्टर आणि ब्रदर मंडळींनी आपली पगाराची स्लिप काढून बघावी. दहा वर्षांपूर्वीचा किमान आकडा ज्यांच्या हातात आजही पडत नाही, अशा मुली मला दर बॅचमध्ये भेटतात.

म्हणूनच अधिकार मोघम नको, यादी हवी. कोणती औषधं, कोणत्या अवस्थेत, किती डोसपर्यंत, कुणाला कळवून, आणि कोणत्या टप्प्यावर थांबून डॉक्टरला बोलवायचंच. ही यादी रुग्णालयाच्या मर्जीवर न सोडता सरकारने राजपत्रात छापावी. यादी असली की मालकाला तिच्यापलीकडचं काम लादता येत नाही, आणि खुलासा मागणाऱ्यालाही "ऑर्डर कुठंय" म्हणता येत नाही.

अशी यादी चालते का, याचा पुरावा शोधायला कोलोरॅडोला जायची गरज नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्या, जेमतेम शाळा शिकलेल्या बायांना नवजात बाळाचा जंतुदोष ठराविक लक्षणांवरून ओळखायला आणि जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. ३९ गावांत हे काम झालं. तुलनेतल्या गावांशी ताडून बघता नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला, आणि हे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. त्या बायांना बालरोगतज्ज्ञ कुणी केलं नव्हतं. एक काम, एक औषध, स्पष्ट नियम आणि वर देखरेख. आता सरकारचा वेग बघा: प्रशिक्षित एएनएमला (उपकेंद्रातल्या सहायक परिचारिकेला), तेही विशिष्ट परिस्थितीतच, तान्ह्या बाळाला जेंटामायसिन देण्याची मुभा देणारी केंद्राची मार्गदर्शक सूचना आली २०१४ मध्ये. गडचिरोलीतल्या बायांनी करून दाखवल्यावर पंधरा वर्षांनी.

सरकारला गरज पडते तेव्हा मात्र ते परिचारिकेला डॉक्टरच्या खुर्चीजवळ बसवतंच. २०१८ नंतर उपकेंद्रांची हेल्थ अँड वेलनेस सेंटर झाली (आता नाव आयुष्मान आरोग्य मंदिर), आणि तिथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले. काही आयुर्वेद पदवीधर, काही बी.एस्सी. नर्सिंग झालेले, वर सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स. ते रक्तदाब-मधुमेहाच्या रुग्णांचा पाठपुरावा करतात, ठरलेली औषधं देतात, ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टरांशी जोडून देतात. म्हणजे पद निर्माण करता येतं, यादीही करता येते. फक्त ती नोकरी करारावरची. आयसीयूतल्या मुलीकडे पदवी आहे पण पद नाही, उपकेंद्रातल्या मुलीकडे पद आहे पण उद्याची हमी नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या ३२ व्या कलमात मर्यादित परवान्याच्या सामुदायिक आरोग्य सेवादात्याची तरतूदही बसलेली आहे. १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी २०२३ मध्ये नवा राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायदा आला आहे. दारं आहेत, कड्या आतून लावलेल्या आहेत.

दरम्यान, २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. माझ्या दोन विद्यार्थिनी सध्या जर्मन शिकताहेत, डेर-डी-डास घोकताहेत. त्यांना मी थांबवणार नाही. पण जे सरकार परभाषेतल्या, परमुलखातल्या वॉर्डात आमच्या मुलींसाठी जागा शोधतं, त्याने एकदा धुळ्याच्या जिल्हा रुग्णालयातही शोधून बघायला हरकत नाही.

तर मी तिला काय सांगितलं? दोन दिवसांनी फोन केला. म्हटलं, परदेशात नर्स प्रॅक्टिशनर व्हायच्या इराद्याने हे करत असशील तर करू नकोस. आपली ही पदवी अमेरिकेत तो परवाना देत नाही, तिथलं शिक्षण आणि तिथली परीक्षा पुन्हा द्यावी लागते. राजीनामा देऊन, घरचे पैसे घालून करत असशील तर आणखी दोन वर्षं थांब. तुझ्याच रुग्णालयाने तुला पगारी पाठवलं तर मात्र डोळे मिटून जा, कारण हा कोर्स तुझ्या हाताला आणि नजरेला जे देईल ते दुसरा कुठलाच देणार नाही. फक्त जाण्याआधी एक पत्र लेखी घे: परत आल्यावर पदनाम काय, पगार किती, आणि कोणत्या प्रोटोकॉलवर मी माझ्या सहीने ऑर्डर लिहू शकेन. बॉण्ड ते तुझ्याकडून लिहून घेणारच आहेत, तर तूही त्यांच्याकडून लिहून घे.

ती एचआरकडे गेली. त्यांनी नीट ऐकून घेतलं, पाठवायची तयारीही दाखवली. पदनामाचं विचारल्यावर त्या मॅडमनी संगणकाचा पडदाच तिच्याकडे वळवला. नेमणुकीच्या सॉफ्टवेअरमध्ये पदांची यादी उघडते, त्यात स्टाफ नर्स आहे, सीनियर स्टाफ नर्स आहे, इन्चार्ज आहे, ट्यूटर आहे. "यातलं कोणतं टाकू सांग," त्या म्हणाल्या.

फॉर्मची मुदत शुक्रवारी संपते. तिने अजून भरलेला नाही.